नवऱ्याची गन, अ‍ॅलनचा मॉल आणि तुझ्या पत्रातली शेवटची ओळ

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, आम्ही टेक्सासात फ्रिस्कोला राहतो, ग्रीन कार्ड आहे, मुलगा १२ वर्षांचा. २०२० मध्ये सगळीकडे गडबड चालली होती तेव्हा नवऱ्याने पिस्तूल घेतलं. ते त्याच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये असतं, भरलेलं. मी कधी फार बोलले नाही. पण ६ मे २०२३ ला अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ जण गेले, त्यात लहान मुलं, आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर मुलगीपण. आम्ही त्याच मॉलमध्ये नेहमी जातो. मला वाटलं आता तरी हा गन काढून टाकेल. तर उलटंच, म्हणतो मी तिथे असतो आणि माझ्याकडे असती तर. आणि आता एआर, म्हणजे ती एआर-१५ सारखी मोठी रायफल, घ्यायची म्हणतोय, बंदी यायच्या आत. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद झाला, कोणीतरी 'तुमच्यासारख्यांमुळेच हे होतं' म्हणालं, तो ग्रुप सोडून बाहेर पडला. घरी मीपण रागात बोलून गेले, तुझ्यात आणि त्या माणसात फरक काय. तेव्हापासून अबोला. जुलैत सासू-सासरे येतायत, सासऱ्यांची कुडाळजवळच्या गावी स्वतःची बंदूक होती, ते लेकाचीच बाजू घेणार. त्याला गन विकायला कशी लावू? जानेवारीत त्याचा जॉब गेलाय, अजून मिळाला नाही, रात्री दोन-तीनपर्यंत जागाच असतो, ते एक वेगळंच टेन्शन."

अगं, सगळ्यात आधी ते वाक्य मागे घे. "तुझ्यात आणि त्या माणसात फरक काय" हे. गनबद्दलचं तुझं मत नको बदलूस, ते ठेव, माझंही साधारण तेच आहे, मी माझ्या घरात गन येऊ देणार नाही. पण नवऱ्याला खुन्याच्या रांगेत बसवून तू त्याच्याशी बोलायची सोय घालवलीस, आणि येत्या काही आठवड्यांत तुला त्याच्याशी खूप बोलायचंय, का ते पुढे सांगते. सॉरी म्हण. मोठं काही नको, "ते मी बोलायला नको होतं, मी घाबरले होते" एवढं बास. सॉरीला "पण" जोडू नकोस.

अमेरिकेत दर मोठ्या गोळीबारानंतर हेच होतं बघ. ज्यांच्याकडे गन आहे अशा लाखो लोकांना, ज्यांनी काहीही केलेलं नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, आणि माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला की तो वकिलाची भाषा बोलायला लागतो, त्याला आतून काय वाटतंय ते बोलत नाही. मग "गन माणसं मारत नाही, माणसंच माणसांना मारतात", मग "जिथे बंदीची पाटी असते तिथेच हल्ले होतात", मग "गन असलेल्या वाईट माणसाला गन असलेला चांगला माणूसच थांबवतो". हे शेवटचं एनआरए ह्या गनवाल्यांच्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वेन लापिएर ह्यांनी सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली त्यानंतर आठवडाभरातच म्हटलं होतं, डिसेंबर २०१२ मध्ये. तुझा नवरा हे सगळं ग्रुपवर बोलला असणार. त्याच्या मनात त्या वेळी बहुतेक फक्त एकच चित्र होतं, तू आणि मुलगा त्याच दुकानांच्या बाहेर उभे आहात आणि तो कार पार्क करतोय.

म्हणून "माझ्याकडे असती तर" ह्याला हसू नकोस आणि खोडूनही काढायला जाऊ नकोस. ती बढाई नाहीये, निदान सगळी नाही. ती भीती आहे, आणि आपल्या पुरुषांना भीती वाटली हे म्हणता येत नाही, मग ते हत्याराबद्दल बोलतात.

आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २०१७ ला सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ लोक मारले गेले तेव्हा जवळच राहणारा एक माणूस स्वतःची एआर घेऊन अनवाणी धावत आला आणि त्याने त्या हल्लेखोराला गोळ्या घातल्या. २०१९ च्या डिसेंबरमध्ये फोर्टवर्थजवळ व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये तर तिथल्याच एका माणसाने हल्लेखोराला गोळी घातली आणि सहा सेकंदांत संपलं. ही दोन्ही टेक्सासचीच उदाहरणं, तो तुला तोंडपाठ म्हणून दाखवेल. पण त्यातला पहिला शूटिंग शिकवणारा माणूस होता, दुसरा माजी रिझर्व्ह डेप्युटी, म्हणजे पोलिसांचा राखीव अधिकारी, ज्याची स्वतःची शूटिंग रेंज, नेमबाजीची जागा, होती, आणि तो चर्चच्या सुरक्षा टीममध्ये होता, त्याचं कामच तिथे उभं राहून बघत राहण्याचं होतं. तुझा नवरा रेंजवर शेवटचा कधी गेला? मला वाटतं तुलाही आठवणार नाही.

आता दुसरी बाजू, तीही गनवाल्यांचीच. ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासच्या म्युझिक फेस्टिव्हलमध्ये हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून गोळीबार झाला. तिथे वाजवून गेलेल्या एका बँडचा गिटारिस्ट, केलेब कीटर, आयुष्यभर गनच्या बाजूचा माणूस, दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर लिहिलं की मी चुकत होतो. त्याच्या टीममधल्या लोकांकडे परवानावाली पिस्तुलं होती आणि त्यांनी ती हातात घेतली नाहीत, कारण पोलिसांनी आपल्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली असती. ही भीती किती खरी आहे ते जून २०२१ ला कोलोरॅडोत अर्वाडामध्ये दिसलं, तिथे एका माणसाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला पाडलं, आणि मग आलेल्या पोलिसाने त्यालाच मारलं. त्या अधिकाऱ्याला काय दिसलं असेल, हातात गन असलेला माणूस, बास. तुमच्या अ‍ॅलनमध्ये ज्याने थांबवलं तो पोलीस होता, दुसऱ्याच कामाला तिथे आलेला. आणि टेक्सासातल्याच युवाल्डेची शाळा तर विचारूच नको, मे २०२२, १९ मुलं आणि २ शिक्षिका, आणि बाहेर ७७ मिनिटं थांबलेले पोलीस, शेवटी शेवटी पावणेचारशेच्या आसपास वर्दीवाले जमले होते. तेव्हा "चांगला माणूस आणि गन" हे गणित इतकं सरळ नाही, हे गन बाळगणाऱ्यांनाही माहीत आहे, फक्त ते तुमच्या ग्रुपवर लिहीत नाहीत.

पण हे सगळं मी तुला त्याच्याशी वाद जिंकायला देत नाहीये हां. जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा गन कायदा तुम्ही दोघं बदलणार नाही आहात. तुला हे माहीत असावं म्हणजे तो एक उदाहरण देईल तेव्हा तू गप्प ऐकू शकशील, कारण दुसरं तुला माहीत असेल, आणि प्रत्येक वेळी ते बोलून दाखवायची गरज नसते.

आता ती एआर. "बंदी यायच्या आत" ही घाईसुद्धा दर वेळची आहे. सँडी हूकच्या महिन्यात देशभरात गनसाठीचे बॅकग्राउंड चेक जवळजवळ २८ लाख झाले, तोपर्यंतचा विक्रम. लोक गन घेतात, दुकानं रिकामी होतात, किमती चढतात, आणि बंदी काही येत नाही. देशपातळीवरची अशी एकच बंदी होती, १९९४ ची, ती २००४ ला संपली आणि पुन्हा आली नाही. आणि तुमच्या टेक्सासात तर बघ काय झालं: ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ लोक गेले, त्याच महिन्याच्या शेवटी मिडलंड-ओडेसाला पुन्हा गोळीबार, आणि मग दोन वर्षांनी कायदा आला तो उलट, १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायच पिस्तूल बाळगायची मुभा. युवाल्डेनंतर वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, एक कायदा केला, २१ खालच्या गिऱ्हाइकांची जास्त तपासणी वगैरे, तुझ्या नवऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि अ‍ॅलनच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी ऑस्टिनमध्ये टेक्सास विधानसभेच्या एका कमिटीने अशा रायफली घ्यायचं वय १८ वरून २१ करायचं बिल ८ विरुद्ध ५ नी पुढे पाठवलं, युवाल्डेचे आईबाप तिथे रडत होते, आणि दुसऱ्या दिवशी मुदत टळली म्हणून ते बिल तिथेच मेलं. म्हणजे वय वाढवायचंसुद्धा जमलं नाही तिथे बंदी कुठून येणार. हे त्याला चिडून नको, सरळ सांग: "टेक्सासात कोणी काही काढून घेत नाहीये, मग घाई कशाची, जॉब लागेपर्यंत थांबू." पैशाचा मुद्दा खरा आहे, तो वापर. रायफल, तिच्यावरची दुर्बीण, मॅगझिनं, गोळ्या, घरात एक पगार, हिशोब त्यालाही कळतो.

थांबूया म्हणणं ह्यात हार-जीत नाही. "विकून टाक" म्हणालीस की तो नाही म्हणेल आणि मग त्या नाहीवर अडून बसेल.

पण ड्रॉवर. इथे मात्र थांबायचं नाही आणि इथे तू ऐकूनही घ्यायचं नाहीस. १२ वर्षांचा मुलगा आहे, त्याला त्या ड्रॉवरमध्ये काय आहे ते माहीत आहे, तुला वाटत असेल नाही, पण माहीत आहे. मुलांना दिवाळीच्या आधी आणलेला फराळ कुठे लपवलाय ते माहीत असतं, हे माहीत नसेल होय? टेक्सासात गनबद्दल इतकी मोकळीक आहे तरी ह्या एका बाबतीत कायदा स्पष्ट आहे, १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली गन ठेवली आणि ती मुलाच्या हातात गेली तर गुन्हा गन ठेवणाऱ्यावर, आणि त्यातून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर शिक्षा वाढते, जेलही होऊ शकते. गन विकणाऱ्याने दुकानात ही पाटी लावलेली असते, नवऱ्याने बघितली असणार. बोटाच्या ठशाने किंवा आकड्याने उघडणारी छोटी सेफ येते, पलंगाला बोल्ट करता येते, गन हाताशीच राहते, तेव्हा "रात्री चोर आला तर" ह्या त्याच्या मुद्द्याचंही उत्तर त्यात आहे. म्हणून मी म्हणते, ह्यावर तो हो म्हणेल. बहुतेक समंजस गनवाले हो म्हणतात, ते स्वतःच दुसऱ्यांना हे सांगत फिरतात. आकडा मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका म्हणजे झालं.

आणि मुलगा मित्राकडे राहायला जातो तेव्हा तिथेही विचार, तुमच्याकडे गन आहे का आणि लॉक केलेली असते का. आपल्या लोकांना हे विचारायला फार अवघड वाटतं, पण तिथे कुत्र्याची अ‍ॅलर्जी विचारतात तसंच विचारतात.

आता तुझी शेवटची ओळ. "ते एक वेगळंच टेन्शन."

वेगळं नाहीये गं ते. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जास्त टेन्शन त्याचंच आलं. टीव्हीवर मॉल, शाळा, चर्च दिसतात म्हणून आपल्याला गन म्हटली की ते आठवतं, पण अमेरिकेत २०२१ मध्ये गनमुळे ४८,८३० लोक मेले त्यातले २६,३२८ आत्महत्येने, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि सामूहिक गोळीबारात गेलेले ह्या आकड्याच्या काठावरसुद्धा दिसत नाहीत. बातमीत न येणारी ही गन आहे. पाच महिने जॉब नाही, रात्री दोन-तीनपर्यंत जागा, ग्रुप सोडून दिलेला, बायकोशी अबोला, आणि हाताच्या अंतरावर भरलेलं पिस्तूल. तो तसं काही करेल असं मी म्हणत नाहीये, बहुतेक माणसं अशा महिन्यांतून बाहेर येतात. पण अशी वाईट वेळ अनेकदा फार छोटी असते, काही मिनिटांची, काही तासांची, ती टळली की माणूस वाचतो, आणि गन हाताशी असेल तर ती टळायला वेळच मिळत नाही.

हे गनवाल्यांनाही कळलेलं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ ला एका आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून गन घेतली आणि तिघांनीही काही तासांत स्वतःचा जीव घेतला. त्या दुकानदाराने ते मनाला लावून घेतलं, हात झटकले नाहीत, आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या लोकांबरोबर बसून दुकानांत लावायच्या सूचना, पत्रकं तयार केली, घाबरलेला, उदास गिऱ्हाईक कसा ओळखायचा आणि त्याला विक्री कशी नाकारायची. तिथे कोणी दुसऱ्या दुरुस्तीचा, म्हणजे घटनेतल्या गन बाळगायच्या हक्काचा, वाद घातला नाही. मित्र अडचणीत असेल तर त्याच्या गनची चावी काही दिवस आपल्याकडे ठेवायची, हा आता त्यांच्यातला साधा विचार आहे, दारू प्यायलेल्याची कारची चावी घेतात तसाच.

तर तू काय करायचंस. त्याला विचार, सरळ विचार. "तुला कधी असं वाटतं का की जगूच नये?" असं विचारल्याने त्याच्या डोक्यात ते घुसेल ही समजूत चुकीची आहे, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. तो हो म्हणाला, किंवा गप्प बसला, किंवा "तुमचं माझ्यावाचून बरं चालेल" अशा पद्धतीचं काही बोलला, तर सेफ वगैरे काही नाही, ते पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर. नवऱ्यानेच विश्वासातल्या मित्राकडे द्यावं, कायद्याने गन बाळगू शकणाऱ्या, म्हणजे सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, एच-वनवरचा नको, त्याला गन ठेवायला कायद्याने परवानगी नाही (शिकारीच्या लायसन्सचा वगैरे अपवाद आहे, त्यात शिरू नकोस). काही रेंज आणि दुकानंसुद्धा ठेवून घेतात, फोन करून विचारता येतं. आणि ९८८ हा नंबर लक्षात ठेव, ही तिथली आत्महत्येच्या विचारांसाठीची हेल्पलाइन, फोन करता येतो, मेसेज करता येतो, रात्री दोनलाही, तूसुद्धा करू शकतेस त्याच्याविषयी विचारायला. आणि वेळ हातातून जातेय असं वाटलं तर ९११, तिथे संकोच नको.

तो नाही म्हणाला, आणि तुला ते खरं वाटलं, तरी सेफचा आकडा जॉब लागेपर्यंत तुझ्याकडे ठेवायचा असं मी तरी मागितलं असतं. रागात नको, "मला झोप लागत नाही, माझ्यासाठी कर" असं. काही बायकांना हे नाटकी वाटतं पण खरंच झोप लागत नसेल तर त्यात नाटक कसलं. आणि ग्रुपमधल्या एखाद्या बऱ्या माणसाला, ज्याच्याशी त्याचं जुनं पटतं, हळूच सांग की फोन कर, गनबद्दल नाही, जॉबबद्दल, क्रिकेटबद्दल, काहीही. माणूस गन सोडत नाही म्हणून त्याला सगळ्यांनी सोडणं हे मला काही पटत नाही.

राहिले सासरे. तू त्यांना शत्रू धरून बसलीयस, मला उलट वाटतं. कुडाळ-कणकवलीकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असतो ना, रानडुकरं आणि माकडं नारळी-केळी ठेवत नाहीत म्हणून, ते लोक बंदुकीच्या बाबतीत फार शिस्तीचे असतात. कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या, मुदत संपली की रिन्यू करा, निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला नेऊन जमा करा, निकाल लागल्यावर परत आणा, आणि त्यात कोणालाही आपलं स्वातंत्र्य गेलं असं वाटत नाही, कटकट वाटते फक्त. त्यांच्या लेकाने टेक्सासात एक फॉर्म भरला, चेक झाला आणि गन घेऊन घरी आला. तेव्हा सासऱ्यांना लेकासमोर साधा प्रश्न विचार, बाबा तुमची बंदूक घरात कुठे असायची, आणि काडतुसं कुठे, आणि हा लहान होता तेव्हा ह्याला हात लावू द्यायचात का. मला खात्री आहे ते "भरलेली? ड्रॉवरात?" असं म्हणतील आणि मग पुढचं तुला बोलावंच लागणार नाही. फक्त त्यांना ते पिस्तूल हातात घेऊन बघायची हौस येणार, रेंजवर जाऊया म्हणतील, फोटो काढायचा असेल गावाला पाठवायला. ते नको. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांच्याही हातात गन देणं तिथल्या फेडरल कायद्यात बसत नाही, आणि लेकाच्या ग्रीन कार्डची फाइल पुढे सिटिझनशिपला जायची आहे. त्यांना फोर्टवर्थला स्टॉकयार्ड्समध्ये काउबॉय दाखवायला घेऊन जा, तिथे फोटो काढा हवे तेवढे.